‘मीटिंगने कुणाची दारू सुटत नाही’ : एका मजकुराचा प्रतिवाद

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटांविषयी एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: निग्रह असेल तर उद्या सकाळपासून थेंबही घेऊ नका, मीटिंगची गरज नाही, तिथे नाव नोंदवतात आणि बातमी फुटते, सगळा देवाधर्माचा प्रचार असतो, जवळ गट नसेल तर विषयच संपला, आणि तिथे जाणारेही पुन्हा पितातच. मजकूर ठसक्यात लिहिलेला आहे आणि त्यातले एखादे वाक्य अर्धवट खरेही आहे, म्हणून तो मुद्द्यागणिक तपासणे भाग आहे.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम व तीव्र ताप घेऊन येणारी अवस्था जिवावर बेतू शकते. येथे निग्रह कामाचा नाही, डॉक्टर लागतात. मीटिंगही त्या उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे मान्यच करायला हवे. तिचे काम नंतरच्या महिन्यांचे आणि वर्षांचे आहे. त्या कामाचा पुरावा आहे. 2020 साली कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यांत दहा हजारांहून अधिक माणसे होती. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, या गटांशी रुग्णाला पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारानंतर वर्षभराने सुमारे 42 टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, तर इतर प्रस्थापित उपचारांनंतर सुमारे 35 टक्के. हा चमत्कार नव्हे, पण ‘उपयोग नाही’ असेही हे आकडे म्हणत नाहीत.

नाव फुटण्याची भीती खरी असते, तिची टवाळी करू नये. मात्र एएमध्ये नोंदणीचा अर्ज नसतो, फी नसते, आणि सदस्यत्वाची एकच अट असते: दारू सोडण्याची इच्छा. लोक पहिल्या नावानेच ओळख देतात. बोलायची पाळी आपल्यावर आली तर ‘आज फक्त ऐकतो’ एवढे म्हटले की पुढच्याकडे पाळी जाते. शेवटी वर्गणीची पिशवी फिरते. त्यात नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. अर्थात गोपनीयता हा गटाचा संकेत आहे, कायदा नव्हे, तेव्हा ज्याला धास्ती वाटते त्याने ओळखीच्या वस्तीपासून दूरची मीटिंग निवडावी.

देवाधर्माच्या मुद्द्यात तथ्य आहे. एएचा कार्यक्रम ज्या बारा पायऱ्यांत मांडलेला आहे, त्यांपैकी अनेकींत ईश्वराचा किंवा उच्च शक्तीचा उल्लेख येतो, जरी तो ‘आपल्याला जसा उमगला तसा’ असे म्हटलेले असले, तरी काहींना ती भाषा पचत नाही. त्यांच्यासाठी 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी हा देवाचे नाव न घेता विचार-वर्तनाच्या तंत्रांवर चालणारा कार्यक्रम आहे, आणि स्त्रियांसाठी विमेन फॉर सोब्रायटी 1975 पासून आहे. एका गटाची भाषा रुचली नाही म्हणून सगळे गट बाद करणे हा आळस आहे.

‘जवळ गट नाही’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकदाच शोध घेतलेला असतो. एएच्या संकेतस्थळावर आणि मीटिंग गाइड या ॲपमध्ये ठिकाण, वार आणि वेळ यांनुसार याद्या मिळतात. यादीतला ‘खुली’ आणि ‘बंद’ हा फरक नीट पाहावा: खुल्या मीटिंगला नातेवाईक किंवा नुसता चौकशी करणाराही बसू शकतो, बंद मीटिंग दारू सोडू इच्छिणाऱ्यांपुरती असते. याद्या शिळ्या होतात, जागा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी दिलेल्या क्रमांकावर फोन करून मीटिंग अजून तिथेच भरते का आणि दार कोणत्या बाजूला आहे, हे विचारून घ्यावे; बंद दारापुढून परतलेला माणूस दुसऱ्यांदा येईलच असे नाही. यादीत काहीच न सापडल्यास रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावे, किंवा ऑनलाइन मीटिंगला बसावे.

खुद्द एएची सुरुवातच अशा शोधातून झाली. मे 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरातल्या एका हॉटेलात, फसलेल्या व्यवहाराने हताश झालेले आणि स्वतः दारूपासून दूर राहू पाहणारे बिल विल्सन बारकडे वळण्याऐवजी टेलिफोनकडे वळले आणि लॉबीतल्या चर्चच्या यादीवरून फोन करत दुसऱ्या एका दारूग्रस्ताचा पत्ता काढू लागले. तो माणूस म्हणजे डॉ. बॉब स्मिथ; या दोघांनीच पुढे एए उभी केली. पंधरा मिनिटांहून अधिक थांबणार नाही असे ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले.

आता शेवटचा मुद्दा, पुन्हा पिणाऱ्यांचा. त्या भेटीनंतर काही आठवड्यांतच डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे पुन्हा प्याले. परतल्यावर ते बिलबरोबर पुन्हा बसले. एए आपला स्थापनादिन मानते तो 10 जून 1935, म्हणजे डॉ. बॉब यांनी शेवटचा पेला घेतल्याचा दिवस.