डेटा मुंबईत आहे म्हणून इंटरनेट आपलं झालं का?

चार दिवस झाले, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर, म्हणजे आपला डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या इमारती, आता मुंबई-हैदराबादला आलीत, त्या कंपन्या कधी बंद पडत नाहीत आणि यूपीआय तर आपलंच आहे, म्हणून आपलं इंटरनेट बाहेरून कोणी रोखू शकत नाही. भावना चांगली आहे, पण माहिती चुकीची आहे.

डेटा देशात म्हणजे सेफ? नायरा ही तेल कंपनी आठवा. गुजरातेत वाडिनारला रिफायनरी, देशभर पेट्रोल पंप, पण 49 टक्के हिस्सा रशियाच्या सरकारी तेल कंपनी रोसनेफ्टचा. जुलै 2025 मध्ये युरोपियन युनियनने नायरावर निर्बंध लावले, भारताने नाही बरं का, तरी मायक्रोसॉफ्टने त्यांचं मेल न् टीम्स (ऑफिसच्या मीटिंगा-मेसेजचं ॲप) बंद केलं. पैसे भरलेले होते! नायराने दिल्ली हायकोर्टात धाव घेतली, मग परत चालू झालं. सर्व्हर कुठल्या गावात आहे हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

मोठ्या कंपन्या बंद पडत नाहीत म्हणे. 20 ऑक्टोबर 2025 ला ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या सिस्टिममध्ये डीएनएसचा (वेबसाइटच्या नावावरून तिचा सर्व्हर शोधून देणारी यंत्रणा) घोळ झाला न् जगभरातली ॲप बसली, महिन्याच्या आत 18 नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअर, म्हणजे असंख्य वेबसाइटची वाहतूक सांभाळणारी कंपनी, बसली, तिथं तर हल्लाबिल्ला काही नव्हता, त्यांच्याच सिस्टिमने बनवलेली एक फाइल ठरल्यापेक्षा मोठी झाली एवढंच.

आमच्याकडंही मागं एकदा झालंय. टॉवेलच्या गाठी टेम्पोत भरलेल्या, ड्रायव्हर दोनदा चहा पिऊन आला, आणि बिलाचं सॉफ्टवेअर काही उघडेना. मालक म्हणाले हातानं बिल फाड, पण पार्ट्यांचे जीएसटी नंबर, रेट, पत्ते सगळं क्लाउडवरच, म्हणजे नेटवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, लिहिणार काय? रात्री साडेनऊला माल निघाला.

राहिलं यूपीआय. ते खरंच आपलं आहे, 2016 पासून एनपीसीआय ही आपली पेमेंट संस्था चालवते, मलाही अभिमान आहे. पण बहुतेक व्यवहार दोनच ॲपवरून होतात, एक गूगलचं आणि दुसऱ्या फोनपेत मोठा हिस्सा अमेरिकेच्या वॉलमार्टचा. एका ॲपकडं यूपीआयचे 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत हा नियम 2020 लाच आला, पण त्याची मुदत ढकलत ढकलत 2026 अखेरपर्यंत नेलीय.

आता दर शनिवारी मी पार्ट्यांची यादी, रेट न् स्टॉक पेनड्राइव्हवर घेतो, छापील बिलबुकं पण कपाटात ठेवलीत. मेसेज पुढं ढकलण्याआधी तुमचं बिल, मेल आणि बॅकअप कुठल्या कंपनीकडं आहे ते एकदा बघून घ्या.