परदेशातून : खाडा कुणाच्या खात्यात?

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्यांवरच्या अत्याचारानंतर बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले, तेव्हा काही फलकांवर ‘लाडक्या बहिणीचे पैसे नकोत, मुलींना सुरक्षा द्या’ अशा अर्थाचा मजकूर होता. हे फलक आले कुठून, यावर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बरेच दिवस जुंपली होती. दादरचे काका म्हणत, चौकात फाशी द्या. ठाण्याची आत्या म्हणे, दीड हजार वाटून तिजोरी रिकामी करताय, पोलीस कुठून आणणार? फाशीवाल्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने बलात्काराला फाशीपर्यंतच्या शिक्षेचं शक्ती विधेयक मंजूर केलंच होतं. त्याचा कायदा काही झाला नाही. मला मेलबर्नमध्ये बसून खटकत होतं ते वेगळंच. पैसा एकीकडे आणि सुरक्षा दुसरीकडे, हे दोन्ही बाजूंनी धरूनच चाललं होतं.

मी इथे एका कंपनीत पगारपत्रकांचं काम करते. फेब्रुवारी २०२३ पासून ऑस्ट्रेलियात घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षाला १० दिवस भरपगारी रजा मिळते. छोट्या आस्थापनांना ती ऑगस्टपासून लागू झाली, आणि रोजंदारीवरच्या माणसालाही ती आहे. नियम आला तेव्हा आम्हाला सर्वांत आधी बजावलं गेलं ते हे, की पे-स्लिपवर या रजेचं नाव दिसता कामा नये. ते तास सरळ कामाचे म्हणून दाखवायचे. कारण उघड आहे, पे-स्लिप घरी उघडून बघणारा मारणाराच असू शकतो. नियम लिहिणाऱ्यांनी त्या घरात डोकावून पाहिलंय, असं मला तेव्हा वाटलं.

या रजेमागे हिशेब आहे. केपीएमजी या सल्लागार कंपनीने इथल्या सरकारसाठी आकडा काढला होता : बायका आणि त्यांच्या मुलांवरच्या हिंसाचारापायी २०१५-१६ या एका वर्षात देशाचे सुमारे २२ अब्ज डॉलर गेले. दवाखाना, कोर्ट, पोलीस, बुडालेलं काम, बदललेलं घर, सगळं धरून. त्यातला अर्धाअधिक भार ज्यांनी मार खाल्ला त्यांच्याच डोक्यावर.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. एप्रिल २०२४ मध्ये इथेही बायकांच्या खुनांवरून शहराशहरांत मोर्चे निघाले, पंतप्रधान अल्बनीज यांना हे राष्ट्रीय संकट आहे असं म्हणावं लागलं, आणि घर सोडून निघणाऱ्या व्यक्तीला ५,००० डॉलरपर्यंतची मदत कायमची करावी लागली. व्हिक्टोरियाच्या कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने हुंड्यासाठीचा छळ घातला गेला, तो कुणामुळे, हे मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही. आकडा मोजला म्हणून हात थांबत नाही. पण बिल कुणाच्या नावावर फाडायचं, एवढं तरी ठरतं.

मुंबईत ते बाईच्या पर्समधून जातं, आणि म्हणूनच कुठल्या वहीत येत नाही. माझी मावसबहीण डोंबिवलीहून लोअर परळला जाते. लेडीज फर्स्टचा पास काढते. पण रात्री दहानंतर परतताना ती फर्स्टमध्ये चढतच नाही, कारण डबा रिकामा असतो. ती शेजारच्या सेकंडच्या लेडीजमध्ये, लसूण सोलत बसलेल्या बायकांमध्ये शिरते. पैसे फर्स्टचे, प्रवास सेकंडचा. स्टेशनवर उतरलं की दिवसा शेअर रिक्षा, रात्री मात्र एकटीची, तीही ओळखीच्या रिक्षावाल्याची. टीम लीडरची जागा आली तेव्हा दुपारची पाळी आहे म्हणून तिने नको म्हटलं. ऑफिसच्या कागदावर याची नोंद ‘वैयक्तिक कारण’. दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींवर झालेल्या एका अभ्यासातही हेच दिसलं : रस्ता सुरक्षित मिळावा म्हणून मुली डावं कॉलेज पत्करतात. पुढच्या पगाराचा घाटा तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे कायदे नाहीत असंही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २० मध्ये बुडालेली कमाई, औषधोपचार, मोडतोड झालेली मालमत्ता यांची भरपाई मागता येते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमाराला ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, म्हणजे हाड जोडायला आलेल्या बाईला ‘जिन्यावरून पडलीस का?’ यापुढचा प्रश्न विचारणारं कुणीतरी तिथे आहे. पण केसपेपर काढायला, जबाब द्यायला, तारखेला कोर्टात उभं राहायला दिवस लागतात, आणि प्रत्येक दिवस रजेचा. रजा संपली की बिनपगारी.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं की ही भरपगारी रजा आधी मुंबई महापालिकेने स्वतःच्या सेवा नियमांत आणावी. २०२५-२६ मध्येच ७४ हजार कोटींच्या वर अर्थसंकल्प असलेली संस्था, नर्स, शिक्षिका, सफाई कामगार अशा हजारो बायका नोकरीला. काकांचं उत्तर लगेच आलं, ‘सगळ्या फायदा घेतील.’ घेत नाहीत, काका. आमच्याकडे ही रजा मागायला येणारी बाई आधी दार लावून घेते.

आत्याचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. खासगी कंपनीवर खर्च पडला की ती बाईला घेणंच टाळेल, असं ती म्हणते. २०१७ मध्ये बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, तेव्हाही सगळा भार मालकावर होता आणि भीती हीच होती. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीने कामावर ठेवता येतं, पण सुरक्षा आणि गाडीची सोय मालकाने करायची. तिथेही ‘त्यापेक्षा पुरुषच घ्या’ असा हिशेब होतो. तेव्हा खासगीत निम्मा वाटा तरी सरकारने उचलायला हवा; दहा दिवसांच्या पगाराने तिजोरी बुडत नाही.

आणि जिला पे-स्लिपच नाही, तिचं काय? काकांकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशी एकदा डोळा सुजवून आल्या होत्या. त्याआधीचे दोन दिवस आल्याच नव्हत्या. महिनाअखेरीला ते दोन खाडे कापले गेले. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात २००८ पासून आहे. या खाड्यांचे पैसे त्या मंडळाने भरावेत, असं मी पुढे लिहिलं. त्यावर ग्रुपवर अजून कुणी काही बोललेलं नाही. काकूंनी मात्र मला वेगळा मेसेज करून विचारलंय, दोन दिवसांचे किती होतात ते सांग.