साडेसात वर्षांचा बोनस

सूनबाईंनी कुठेतरी वाचलं, की म्हातारपणाबद्दल चांगले विचार बाळगणारी माणसं जास्त जगतात. आणि तेव्हापासून आमच्या घरात मला कण्हायची चोरी झाली आहे.

मूळ दोष अमेरिकेचा. तिकडे ओहायो राज्यात ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या पन्नाशी गाठलेल्या लोकांना १९७५ साली विचारून ठेवलं होतं, की वय वाढलं की माणूस कमी उपयोगाचा होतो, हे पटतं का? पुढे येल विद्यापीठाच्या बेका लेवी बाईंनी त्यातल्या ६६० जणांपैकी कोण किती जगलं याचा हिशेब काढला आणि २००२ मध्ये छापला. 'छे, मुळीच पटत नाही' या थाटाची माणसं रडतोंड्यांपेक्षा सुमारे साडेसात वर्षं जास्त जगली होती. तब्येत, पैसाअडका सगळं जमेस धरूनसुद्धा.

साडेसात! बाईंना दुसरा आकडा मिळाला नाही. आमच्याकडे एवढीच वर्षं शनिमहाराज मानगुटीवर बसतात. माझ्या मानगुटीवर सध्या आनंद बसला आहे.

घरात आता तक्रारीला दंड आहे. वसुली नातीकडे. 'आई गं'चे दहा रुपये, 'आमच्या वेळी असं नव्हतं'चे वीस. खुर्चीतून उठताना निघणारा 'हुश्श' तक्रारीत धरायचा की श्वासोच्छ्वासात, यावर वाद झाला. निकाल अर्थातच माझ्या विरुद्ध लागला. वास्तविक निफाडचा पारा घसरला की पेपरच्या आधी माझे गुडघे बातमी देतात. पण ती बातमीही हसत हसत द्यायची म्हणे.

माझं खरं सुख होतं कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर. चालण्यात नव्हे, नंतर टेकण्यात. तिथे आम्ही समवयस्क आपापली दुखणी काढून बसायचो. एकाने अँजिओप्लास्टी टाकली की दुसरा हुकमाचं पान काढावं तशी बायपास काढायचा. मोतीबिंदूवाल्याला तर कोणी विचारतही नसे. तासाभराने सगळे इतके ताजेतवाने होऊन उठायचे, की घरी जाताना मिसळीचा बेत ठरायचा. ज्याला रडायला चार माणसं आहेत, तो म्हातारा सुखी, असं माझं मत आहे; पण ते मी छापलेलं नसल्यामुळे सूनबाई मानत नाहीत.

त्यांनी मला हास्यक्लबात घातलं. ऐन डिसेंबरात, उजाडायच्या आत, हात वर करून 'हा हा हा' करायचं. माझा उजवा खांदा आखडलेला. हात वर जाताच मी जो ओरडलो, तोही हास्यातच जमा झाला. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "वा! पोटातून आलं!"

परवा हिला घेऊन त्र्यंबकला निघालो. एसटीत मला पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट, हिला मार्च २०२३ पासून बाई म्हणून अर्धं. म्हणजे हिची सवलत सन्मानाची, माझी सुरकुत्यांची. कंडक्टरने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "बाबा, पंचाहत्तर झाली ना? मग फुकट."

मी अडुसष्ट वर्षांचा आहे. आधार कार्ड त्याच्या नाकापुढे नाचवलं, पैसे मोजून दिले.

"शून्याचं तिकीट फाडत होता तो," ही पुटपुटली. "कुठे काय दाखवायचं ते कळत नाही."

गाडी सातपूर सोडून पुढे निघाली, तसा राग उतरला आणि हिशेब सुरू झाला. पंचाहत्तरीला सात वर्षं. त्यापुढे राज्यभर एसटी फुकट. आणि लेवी बाईंची ती जादा साडेसात वर्षं धरली, तर त्र्यंबक, शिर्डी, वणी, पंढरपूर, सगळं खिडकीत बसून. म्हातारपणाबद्दल असा गोड विचार मला जन्मात पहिल्यांदाच सुचला होता. उत्साहाने हिला सांगितला.

"आधी ती खिडकी लावा," ही म्हणाली, "गुडघे धरले तर मला सांगू नका."