आलेले डोळे

मंगळवारी सकाळी एका अनोळखी गृहस्थांनी मला, मी मागितलेला नसताना, त्यांचा वापरलेला काळा चष्मा 140 रुपयांना विकला. मी तो घेतला, पैसे दिले आणि वर ‘थँक्यू’ म्हणालो. त्या थँक्यूचा राग अजून गेलेला नाही.

माझे डोळे लाल असतात. बारा महिने. मराठीत डोळे ‘येतात’, आणि आले की आठ-दहा दिवसांत जातातही. माझे 2019च्या मे महिन्यात आले ते उठायचं नावच घेत नाहीत. उन्हाळी सुट्टीला आलेला दूरचा पुतण्या बघता बघता रेशनकार्डावर चढावा, तसं झालंय.

तर मंगळवारी कोथरूड डेपोहून आठ-चाळीसची बस. मला खिडकी मिळाली, म्हणजे न लागणारी काच मिळाली. आनंदनगर येईपर्यंत वारा आणि रस्त्याच्या कामाची धूळ डोळ्यांत जाऊन दोन्हीकडून धारा लागल्या. शेजारी एक काका येऊन बसले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर एका बुडालेल्या सहकारी बँकेचं नाव. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं.

“डोळे आलेत.”

हा प्रश्न नव्हता. निकाल होता.

“नाही काका, माझे तसेच असतात.”

“तसेच म्हणजे?”

“कोरडे आहेत. ड्राय आय म्हणतात.”

काकांनी माझ्या गालावरून ओघळून शर्टाच्या कॉलरपर्यंत पोचलेलं पाणी नजरेनं मोजलं.

“कोरडे,” ते म्हणाले.

इथेच माझी केस पडते, आणि दर वेळी पडते. कोरड्या डोळ्यांतून पाणी येतं. बुबुळावरचा ओलावा टिकत नाही, डोळा चुरचुरायला लागतो, की आतून घाबरून एकदम पाणी सोडलं जातं. पण ते नुसतंच पाणी असतं, ते डोळ्यावर ठरत नाही. खडकवासल्यातून विसर्ग होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्याच दिवशी पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावर नळाला फुस्स हवा येते ना, अगदी तसं. पण हे सगळं चालत्या बसमध्ये, डोळे पुसत, समोरच्याला पटेल अशा आवाजात सांगायला पौड फाटा ते नळस्टॉप एवढं अंतर पुरत नाही.

“तेविसच्या जुलैत आळंदीला साथ आली होती, लक्षात आहे ना?” काकांनी विचारलं. “हजारांनी पोरं आजारी पडली. एकाचे आले, सगळ्यांचे आले. नुसतं बघितलं तरी होतं.”

“बघून होत नाही हो. हात लागून होतं. रुमाल, टॉवेल, उशी.”

“मग लोक काळा चष्मा कशाला घालतात?”

“उजेडाचा त्रास होतो म्हणून. आणि घातला की डोळ्याला सारखा हात जात नाही.”

“म्हणजे तुम्हाला सगळं माहिती आहे,” काका समाधानानं म्हणाले, “आणि तरी घातला नाहीत.”

मी गप्प. उलटतपासणीत इतक्या सहज कुणी मला आजवर अडकवलं नव्हतं. पुढच्या सीटवर आईच्या खांद्यावरून एक वर्ष-दीड वर्षाचं पोर माझ्याकडे बघून हसत होतं. त्याच्या आईनं आमचं बोलणं ऐकलं आणि पदर नव्हता म्हणून ओढणीनं त्याचं तोंड झाकलं. पोर रडायला लागलं.

“बघा,” काका म्हणाले.

मग त्यांनी कापडी पिशवीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी, तिला लावलेलं रबर काढून मनगटावर चढवलं आणि आतून निघाला तो चष्मा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात तो. काळा, जाडजूड, दोन्ही बाजूंनी कानापर्यंत झाकणारा. हा घातला की माणूस पेशंट तरी दिसतो, नाहीतर वेल्डिंगवाला.

“डावा मार्चमध्ये झाला. उजवा दिवाळीनंतर करायचाय. तोवर रिकामाच पडलाय. घाला.”

“नको, कशाला...”

“घाला हो. लहान मूल आहे समोर.”

या वाक्यापुढे काय बोलणार? आजूबाजूचे सगळे माझ्याकडे बघत होते. उभ्या असलेल्या एका बाईंनी “घाला की” असं अनुमोदनही दिलं. मी घातला. बसमध्ये संध्याकाळ झाली. पोर रडायचं थांबलं, ते मात्र मला आवडलं नाही. इतक्यात कंडक्टर आला, माझ्याकडे बघून त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “दादा, कुठं उतरायचंय? स्टॉप आला की सांगतो मी. तुम्ही उठू नका.” आयुष्यात पहिल्यांदा पुण्यातला कंडक्टर माझ्याशी असं बोलला, त्यामुळे मला दिसतंय हे सांगायचं धैर्य झालं नाही. डेक्कन म्हणालो आणि सुटे पैसे उगीच चाचपडत दिले.

गरवारे कॉलेज आलं. काका उठले. मी चष्मा काढून, काड्या मिटून, पुढे केला.

“आता तो मी कसा घेऊ?”

“म्हणजे?”

“तुम्ही घातलात ना! मला उजवा करायचाय. डॉक्टरांनी बजावलंय, इन्फेक्शन चालणार नाही.”

“अहो, पण मला इन्फेक्शन नाहीये!”

“ते तुम्ही म्हणताय.” त्यांनी दांड्याला धरून बसच्या झोक्याबरोबर एक गिरकी सांभाळली. “दीडशेचा आहे. वापरलेला आहे म्हणून दहा सोडतो.”

मी मोबाइल काढला. “रोख द्या,” काका म्हणाले. मी दोनशेची नोट दिली. त्यांनी कमरेची चंची सोडून वीस-वीसच्या तीन नोटा, प्रत्येक उजेडात धरून, माझ्या हातावर ठेवल्या. बस थांबलेली. मागचे लोक ‘चला ना’ करतायत. ‘मोजून घ्या’ म्हणून ते उतरले, आणि मी, वर सांगितलं ते म्हणालो.

आता घरी हे सांगितल्यावर बायको दहा मिनिटं हसली, आणि नंतर म्हणाली, “पण तू घेतलास कशाला?” याला उत्तर नाही. सहा वर्षं लाल डोळे घेऊन हिंडलात की तुम्हाला अपराध्यासारखं वागायची सवय लागते, एवढंच. ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक साहेब पहिल्या आठवड्यात मला बाजूला घेऊन ‘घरी सगळं ठीक आहे ना’ विचारतो. त्याला खरं विचारायचं असतं ते वेगळंच. एका मयताला गेलो होतो, गेलेल्या गृहस्थांशी माझी ओळख सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणापुरती. तिथे त्यांच्या सूनबाईंनी मला जवळ बसवून पाणी दिलं आणि ‘तुमचा एवढा जीव होता, बाबा कधी बोलले नाहीत’ म्हणाल्या. मी पाणी प्यालो.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. अप्पा बळवंत चौकाच्या मागे एका बोळात बसून मी दिवसभर पडद्यावर ऱ्हस्व-दीर्घ बघतो. हे काम डोळ्यांत तेल घालून करावं लागतं, असं आमचे जुने मालक सांगायचे. गंमत अशी, की माझं दुखणं नेमकं तेच आहे: डोळ्यांत तेल नाही. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात, वर तीसएक, खाली वीस-पंचवीस. त्यांचं तेल अश्रूंवर साय धरतं, म्हणून अश्रू उडून जात नाहीत. माझ्या ग्रंथींची तोंडं बुजलेली. हाइनरिश माइबोम नावाच्या जर्मन वैद्यानं या ग्रंथींचं वर्णन 1666 साली केलं, म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. 1666, म्हणजे महाराज आग्र्याहून निसटले ते साल. महाराज आग्र्याच्या कैदेतून बाहेर आले आणि माझं तेल साडेतीनशे वर्षांनी अजून आतच!

थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, तसं ते आत गोठतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग आपण बाटलीचं काय करतो? उन्हात ठेवतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं गरम, पण चटका न बसणाऱ्या कापडानं मिटलेले डोळे शेकायचे, मग पापणी वरची खाली आणि खालची वर अशी हलक्या हातानं दाबत न्यायची, मग कड पुसून साफ करायची. ऐकायला सोपं आहे. करायला बसलं की रुमाल दीड मिनिटात गार होतो. तो पुन्हा तव्यावर ठेवायला उठायचं तर डोळे मिटलेले. सकाळी पोळ्यांच्या वेळेला तवा मागणारा नवरा घरात फार लोकप्रिय नसतो. एकदा तव्यावरचा रुमाल समजून मी पोळी डोळ्यावर ठेवली होती. बरी शेकली गेली, खरं सांगायचं तर. रुमालापेक्षा जास्त वेळ गरम राहिली.

आणि ती परीक्षा! खालच्या पापणीत कागदाची चिमुकली पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. किती मिलिमीटर भिजली ते बघतात. शिर्मर नावाच्या दुसऱ्या एका जर्मनाची ही 1903ची कल्पना. दोन्ही डोळ्यांतून दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतायत, समोर भिंतीवर ‘कृपया शांतता राखा’, आणि नेमकं तेव्हा दार उघडून आमच्या मुलाचे गणिताचे सर आत डोकावले. डावा सहा, उजवा चार. दहाच्या वर पाहिजे म्हणे. बायको म्हणाली, “तुझे दोन्ही मिळून दहा होतात.”

हसू येतं, पण एका गोष्टीचं येत नाही. पहिलं सव्वा वर्ष मी डॉक्टरांकडे गेलोच नाही. कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानं काउंटरवरूनच माझ्याकडे बघून एक बाटली दिली. थेंब टाकले की दोन मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. जादू! त्या थेंबांनी रक्तवाहिन्या फक्त आकसतात, आणि असर उतरला की दुप्पट फुगून परत येतात, म्हणजे डोळे लाल होतात म्हणून थेंब आणि थेंबांमुळे डोळे लाल. हे मला सहा बाटल्यांनी कळलं. मग त्यानंच दुसरी दिली, ‘ही जरा स्ट्राँग आहे’ म्हणून. ती स्टिरॉइडची होती. चिठ्ठी नाही, विचारणा नाही. तीन महिने मी ती खोकल्याच्या गोळ्या चघळाव्यात तशी वापरली. स्टिरॉइडच्या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. डॉक्टरीणबाईंनी ती बाटली हातात घेतली, उलटी-सुलटी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मला काही बोलल्या नाहीत. माझा दाब सुदैवानं ठीक निघाला. औषधवाला अजून तिथेच आहे, येता-जाता ‘काय, बरे का डोळे?’ विचारतो, आणि मी ‘बरे आहेत’ म्हणतो. थँक्यू म्हणणाऱ्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा.

आता माझ्याकडे नुसत्या ओलाव्याचे थेंब आहेत, प्रिझर्वेटिव्ह नसलेले, कारण दिवसातून सात-आठ वेळा टाकायचे तर प्रिझर्वेटिव्हच डोळ्याला डाचतं. फोडलेली बाटली महिन्यात संपवायची असते, म्हणून बायको तिच्यावर लोणच्याच्या बरणीसारखी तारीख घालते. शिवाय दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. आमचं ऑफिस लांबीला अकरा फूट आहे. खिडकीतून बघावं तर चार फुटांवर शेजारच्या वाड्याची भिंत, तिच्यावर ‘येथे बघत उभे राहू नये’. कुणासाठी लिहिलंय देव जाणे, पण मी मनाला लावून घेतलंय. आणि पापण्या मिटायच्या, पूर्ण. माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, पडद्यासमोर त्याच्या निम्म्यानंही नाही. ‘पापणी न लवता काम करतो’ हे मी इतकी वर्षं कौतुक समजत होतो.

शुक्रवारी तपासणी होती. रिक्षानं गेलो, वारा फार म्हणून तो चष्मा घातला, आणि काय सांगू, डोळे चुरचुरले नाहीत. बाजूंनी बंद ना तो! वारा आत शिरतच नाही. 140 रुपयांचा राग दहा-वीस रुपयांनी उतरला. दवाखान्यात सिस्टरनी नाव लिहून घेताना माझ्या डोक्यावर चढवलेल्या चष्म्याकडे बघितलं.

“ऑपरेशन कधी झालं तुमचं?”

“झालं नाही. मी ड्राय आयवाला.”

“मग हा चष्मा?”

“का?”

“आमच्याकडचा आहे. काडीवर नाव आहे बघा आतून. मोतीबिंदूच्या पेशंटना देतो आम्ही. फुकट.” मग जरा थांबून, आवाज खाली आणून: “कुठून घेतलात?”

मी बसची हकिकत सांगायला सुरुवात केली. माझी मलाच ती खोटी वाटायला लागली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, “असू द्या, असू द्या. बसा तिकडे.”

शनिवारी मी मुद्दाम आठ-चाळीसची बस धरली. काय बोलायचं ते डेपोपर्यंत चालताना पाठ केलं होतं, सुरुवात ‘नमस्कार काका’ पासून. काका नव्हते. आनंदनगरला चढले नाहीत, पौड फाट्यालाही नाहीत. कंडक्टर मात्र तोच होता. मी चष्मा घातलेला बघून त्यानं कॉलेजच्या दोन पोरांना उठवलं, माझा दंड धरला आणि हलकेच मला खिडकीपाशी बसवलं.

मी बसलो.