फोनला तुमची ऊब नको असते

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच जुना मेसेज पुन्हा फिरला. मोबाइलचा स्क्रीन म्हणे शरीराची उष्णता ओळखतो, म्हणून हातमोजे घातले की चालत नाही. प्रत्येक स्पर्शाला तो अंगातली थोडी वीज ओढतो, म्हणून रात्री थकवा येतो. आणि चालत नसेल तर जोरात दाबा. खाली पंधरा जणांचे नमस्कार.

उष्णतेचं आधी बघू. फ्रिजमधली काकडी काढा, पुसून कोरडी करा, हातात धरून स्क्रीनवर फिरवा. थंडगार काकडीनेही पानं सरकतात. मग प्लास्टिकचा कंगवा उन्हात चांगला तापवून फिरवा. स्क्रीन ढिम्म! २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातले लोक हातमोजे न काढता चक्क सॉसेजने फोन चालवत असल्याच्या बातम्या आल्या होत्या.

मग स्क्रीनला कळतं काय? काचेखाली इंडियम टिन ऑक्साइडसारख्या पारदर्शक वाहकाच्या पट्ट्या असतात, काही उभ्या, काही आडव्या, एकमेकींना न टेकणाऱ्या. चिप एका पट्टीत विजेची स्पंदनं सोडते आणि तिला छेदणाऱ्या पट्टीपर्यंत किती पोचलं ते मोजते. प्रत्येक छेदाशी एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारी जोडी, तयार झालेला असतो. बोट जवळ आलं की तिथलं थोडं विद्युतक्षेत्र बोटाकडे वळतं आणि पलीकडे पोचणारा भार घटतो. स्क्रीन मोजतो ती ही घट. काकडीत पाणी आणि क्षार असतात, शिवाय ती तुमच्या हातात असते, म्हणून ती चालते. जाड हातमोजा ऊब अडवतो म्हणून नव्हे, तर बोट आणि काच यांच्यात अंतर पाडतो म्हणून नडतो. पातळ रबरी मोज्यातून फोन बऱ्याचदा चालतो, तो त्यामुळेच.

यातली खरी करामत पुढे आहे. पट्ट्या समजा ४ मिलिमीटर अंतरावर आहेत, मग बोटाची जागा त्याहून बारीक कशी कळते? बोट एकाच पट्टीवर नसतं, दोन-तीन पट्ट्यांवर पसरलेलं असतं. ४, ८ आणि १२ मिलिमीटरवरच्या पट्ट्यांची घट अनुक्रमे २०, ८० आणि ५० आली, तर चिप भारित सरासरी काढते, म्हणजे जास्त घट दाखवणाऱ्या पट्टीला जास्त महत्त्व देते: बोटाचा मध्य ८.८ मिलिमीटरवर. हा हिशेब सेकंदाला साठ-सत्तर वेळा, कधी त्याहून जास्त वेळा होतो. लॅपटॉपच्या टचपॅडचंही तत्त्व हेच, फक्त तिथे आरपार दिसायची गरज नसते.

अंगातली वीज ओढण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. स्पंदनं फोनच्या बॅटरीतून येतात, बोटात शिरलेला अतिसूक्ष्म भार पुढच्याच क्षणी परत फिरतो. थकवा येतो तो रात्री दोनपर्यंत रील बघितल्याने.

जोरात दाबण्याचा सल्ला मात्र एके काळी बरोबर होता. जुन्या रेझिस्टिव्ह स्क्रीनमध्ये वरचा लवचिक पडदा दाबून खालच्या थराला टेकवावा लागे. २००८ चा नोकिया ५८०० तसाच होता, नखानेही चालायचा. आताच्या काचेवर दाबलं तर बोट थोडं चपटं होतं, स्पर्शाचा भाग वाढतो, एवढाच फायदा. बाकी काच सोसते.

मेसेजच्या शेवटी ‘या नव्या तंत्रज्ञानापासून सावध राहा’ अशी ओळही आहे. इंग्लंडच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी हवाई वाहतूक नियंत्रणासाठी कपॅसिटिव्ह, म्हणजे अशाच कपॅसिटरवर चालणाऱ्या, टचस्क्रीनची कल्पना १९६५ सालीच मांडली होती.

आता मावशीची तक्रार: ‘मग माझंच बोट का लागत नाही?’ ती खोटी नाही. कोरडी, घट्टे पडलेली कातडी वीज नीट वाहू देत नाही, त्यामुळे घट कमी दिसते आणि चिप तिला स्पर्श मानत नाही. हाताला जरा क्रीम चोळावं, बोटाच्या टोकाऐवजी पेर आडवं टेकवावं, आणि स्क्रीन जपायला वरून चिकटवलेली जाड स्वस्त काच काढून बघावी. मावशीच्या फोनवर तशा दोन होत्या, एकावर एक.