खोगीर परत भुशाच्या पोत्यावर!

किती वेळा सांगायचं? आमच्या खानापूरकडं पावसाळाभर भिंतीची ओल जात नाही. अशा ओलीत काल परत कुणीतरी घामानं भिजलेलं खोगीर न पुसता भुशाच्या पोत्यावर टाकून गेलं. सकाळी बघतो तर तंगाच्या, म्हणजे पोटाखालून आवळायच्या पट्ट्याच्या, बक्कलपाशी पांढरी बुरशी आणि खोगिराखालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी गादी, उंदरानं कुरतडलेला. जीव तुटतो हो!

घोड्याच्या सामानाची खोली म्हणजे अडगळ नव्हे. खाद्य नि चामडं शेजारी ठेवलं की उंदीर येणारच, म्हणून मे महिन्यात मधे पत्रा मारून घेतला. खोगिराला पाठीसारखे गोल लाकडी ओंडके बसवले. लगामासाठी भिंतीला पत्र्याचे गोल डबे ठोकले, कारण खिळ्यावर टांगलेला पट्टा त्याच जागी दुमडतो, तडकतो आणि एक दिवस भर रपेटीत तुटतो. तरी लगाम खिळ्यालाच! हातभर अंतरावर डबा रिकामा.

आणि भिजलं की कडक उन्हात टाकायचं, हे कुणी शिकवलं? चामडं कडक होऊन फुटतं की. सावलीत वाऱ्याला वाळवा, मग तेलाचा हलका हात फिरवा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे. अथणी-निपाणीकडची माणसं चामड्याला जीव लावतात आणि आपण ते कुजवतो?

खोगिराची उजव्या बाजूची रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, परवापासून दिसत नाही. ज्यानं नेली त्यानं संध्याकाळच्या आत खुंटीला आणून अडकवावी.