आरसा धुणे आहे

दुर्बिणीच्या आरशाची निगा राखण्याचा पहिला नियम असा, की होता होईल तो त्याला हातच लावू नये. जगभरच्या हौशी आकाशनिरीक्षकांना हा नियम मान्य आहे. माझ्या आईला नाही. तिच्या घरात पितळेचा गुंड चिंच लावून घासतात, देव घासतात, चुलीवरची गंजी बाहेरूनसुद्धा घासतात. अशा घरात आठ इंच व्यासाचा आरसा धूळ खात पडावा, आणि तोही शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मुलाचा, हे तिला बघवत नाही. पाहुणे दुर्बिणीत डोकावले की माझ्याआधी तिचा खुलासा तयार असतो. "धुवू देत नाई न बाप्पा थो. नाई तं मी कवाच लख्ख केला असता."

हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण हा आरसा न्हाणीतल्या आरशाच्या जातीचा नाही. घरच्या आरशाची चकाकी काचेच्या मागे असते. पुढून कितीही घासा, घासली जाते ती काच. दुर्बिणीच्या आरशात चकाकी काचेच्या पुढे, उघड्यावर. ॲल्युमिनियमचा साधारण 100 नॅनोमीटरचा थर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचे सातशेएक भाग केले तर त्यातला एक. त्याच्यावर संरक्षणाला आणखी एक पारदर्शक थर असतो, पण तोही असाच नावापुरता. आणि धुळीत असतात वाळूचे कण, काचेहून टणक. कोरड्या फडक्याने आरसा पुसायचा म्हणजे तेच कण त्या थरावरून गरागरा फिरवायचे. हे सगळं मी आईला फळ्यावर लिहावं तसं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग वल्लं फडकं घे."

आता आमच्याकडच्या धुळीविषयी. वऱ्हाडातल्या दर्यापूर-मूर्तिजापूरच्या या पट्ट्यात जमीन काळी आणि भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वावटळ सुटली की अर्धं वावर घरात येऊन बसतं. दुर्बिणीच्या तोंडाला झाकण आहे, त्यावर आईच्या जुन्या लुगड्याची खोळ आहे, तरी माती आत शिरतेच. गंमत म्हणजे तिने फारसं बिघडत नाही. या दुर्बिणीत मोठ्या आरशासमोर एक छोटा तिरपा आरसा बसवलेला असतो. माझ्या दुर्बिणीत तो दोन इंचांचा आहे, म्हणजे मोठ्या आरशाच्या क्षेत्रफळाचा सोळावा भाग तो कायमचा अडवून बसलाय. तरी चंद्राला मधे भोक पडलेलं दिसत नाही, कारण आरशाचा प्रत्येक तुकडा आपापल्या परीने पूर्ण चंद्र दाखवत असतो. एवढा मोठा अडथळा चालतो, तिथे चार धुळीचे ठिपके कोण विचारतो? आरशात टॉर्च मारून मात्र पाहू नये. टॉर्चच्या उजेडात नवाकोरा आरसासुद्धा उकिरड्यावरून उचलून आणल्यासारखा दिसतो.

आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, एकदा नेमकी टॉर्च मारली. त्याआधी तासभर त्यांनी चंद्र पाहिला होता. "अबे, तरीच म्हनलं चंद्रावर एवढे डाग कायचे! माह्या डोयातला मोतीबिंदू काढला तसं काढून टाक न हे." तेव्हापासून घरात दोन पक्ष झाले. एका पक्षात सगळे. दुसऱ्यात मी.

माझा पक्ष पाडला तो पालीने. पावसाळ्यात आकाश दिसत नाही, दुर्बीण कोपऱ्यात उभी असते. दसऱ्यानंतर खोळ काढून आत डोकावलो, तर आरशाच्या बरोब्बर मधोमध नाही, थोडं डावीकडे, पालीने आपली हजेरी लावलेली. काळी कांडी आणि टोकाला पांढरा ठिपका. हा पांढरा ठिपका वाईट. ते यूरिक आम्ल असतं आणि बसून राहिलं तर थराला खातं. धूळ वर्षभर राहिली तरी चालते, हे प्रकरण आठवडाभरसुद्धा ठेवू नये. मी घरात जाहीर केलं, आरसा धुणे आहे. आईने पदर खोचला. तिला खाली बसवायला बराच वेळ गेला.

सामानाच्या यादीत पहिला होता कापूस. ते ऐकून सगळं घर हसलं. वेचणी सुरू होती, छपरीत कमरेएवढा ढीग पडलेला, आणि मी विचारतोय कापूस आहे का! पोट्ट्यांनी घमेलंभर आणून ओतला. पण त्यात सरकी, पऱ्हाटीच्या वाळक्या पत्तीचा चुरा, मातीचे कण. आरशावर ओरखडे काढायला लागणारं सगळं साहित्य एकाच जागी. आईने वाती वळायचा निवडलेला कापूस काढून दिला, चांगला पिंजलेला, दुधासारखा. तोही पाण्यावर टाकून दाखवला. तरंगत राहिला. कच्च्या कापसाच्या तंतूवर निसर्गानेच मेणाचा हात फिरवलेला असतो, तो पाणी पीत नाही. दवाखान्यातला कापूस अल्कलीत उकळून ते मेण काढतात, मग तो पाणी शोषतो. आरशाला लागतो तो हाच. म्हणून मी, कापूस पिकवणाऱ्याचा मुलगा, मेडिकलमध्ये कापूस विकत घ्यायला गेलो.

"कोनाले लागलं, सर?" दुकानदाराने काळजीने विचारलं.

"आरशाले."

त्याने पुढे काही विचारलं नाही, पण पट्टीसुद्धा काढून ठेवली. त्या हंगामात, 2025-26 मध्ये, लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला 8110 रुपये, म्हणजे किलोला 81. निळ्या कागदात गुंडाळलेल्या त्या चिमुकल्या गुंडाळीचे पैसे देताना मी मनात भागाकार करायला लागलो आणि मधेच सोडून दिला. वडिलांना हा हिशोब कळू नये असं वाटलं.

दुसरं, पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि न्हाणीच्या फरशीवर पांढरी रांगोळी आपोआप उमटते. ती रांगोळी आरशावर नको. नळाचं पाणी येतं त्या दिवशी पहिल्या धुण्याची सोय झाली, पण शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं. थेंब सुकला तरी मागे काही उरत नाही. ते मिळतं इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणाऱ्याकडे. तो खर्रा तोंडात धरून, मान वर करून विचारतो, "ॲछिड का पानी?" आणि दोन्ही डबे एकाच फळीवर, एकाच रंगाचे. मी सीलबंद डब्यावरचं लेबल अक्षर लावून वाचलं. मागे उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, सर नुकतेच वाचायला शिकले.

साबणाच्या बाबतीत घरात मतभेद झाले. आई रिठ्याच्या बाजूची, मोठेबाबा राखेच्या. बायकोने काच पुसायचा निळा फवारा आणला, तर त्यात अमोनिया. ॲल्युमिनियमला तो चालत नाही. शेवटी भांड्यांच्या साध्या लिक्विडचे दोन-तीन थेंब ठरले. भांड्याचं लिक्विड ऐकून आई म्हणाली, "मंग मीच धुतो न! भांडेच तं हायेत."

आरसा काढणं सोपं. मागचे स्क्रू सोडले की तो आपल्या चौकटीसकट बाहेर येतो. आधी चौकटीवर आणि नळीवर पेनने खूण करायची, म्हणजे परत बसवताना तसाच बसतो. अंगठी, घड्याळ काढून ठेवायचं. प्लास्टिकच्या टपात तळाला टॉवेल, त्यावर आरसा, तोंड वर. सुरुवातीला नुसतं कोमट पाणी सोडायचं, हात न लावता, म्हणजे सुटी धूळ निघून जाते. मग साबणाच्या पाण्यात भिजू द्यायचं. मग पाण्याच्या आतच कापसाचा बोळा आरशावरून ओढायचा. दाबायचा नाही. बोळ्याचं स्वतःचं वजन पडेल तेवढंच. एकदा एका दिशेने ओढला की तो फेकायचा आणि नवा घ्यायचा.

एवढ्यात आमच्या अंगणात गल्ली जमली होती. सर बाळाला न्हाऊ घालतात तसं काहीतरी धुवून राहिले, अशी बातमी पानठेल्यापर्यंत गेली होती.

"जोर लाव न बे!" मोठेबाबा.

"जोर लावायचा नसतो."

"मंग निघन कसं?"

"नाही निघालं तर राहू द्यायचं."

हे उत्तर गल्लीला पटलं नाही. जिथे कामाचा दर्जा निघालेल्या घामावरून ठरतो, तिथे दोन बोटांत कापूस धरून श्वास रोखून बसलेला माणूस कामचुकारच दिसणार. फेकलेले बोळे मोजत एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या कापसात तं बाळंतीन निभते."

वातावरण हलकं करायला मी हर्शलची गोष्ट सांगितली. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शलच्या काळी, अठराव्या शतकात, आरसे धातूचे असत. ते काळे पडत आणि पुन्हा पुन्हा घासून चकाकवावे लागत. एकदा तर त्याने एका आरशावरून सोळा तास हात काढला नाही, आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवत बसली. हे मी बायकोकडे बघत सांगितलं. ती म्हणाली, "तिचं लग्न झालं नसेल." खरंच झालं नव्हतं. मग मी जॉन डॉबसनचं नाव काढलंच नाही. माझ्यासारखी स्वस्तातली दुर्बीण ज्याच्या नावाने ओळखली जाते तो हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोला रामकृष्ण परंपरेच्या मठात संन्यासी होता आणि दुर्बिणींच्या नादापायी 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. असले दाखले घरात देऊ नयेत. लोकांना कल्पना सुचतात.

शेवटी डिस्टिल्ड पाण्याची धार, आणि आरसा कडेवर तिरपा उभा. उरलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपायचे, पुसायचे नाहीत. पालीची कांडी गेली होती, पांढऱ्या ठिपक्याच्या जागी अगदी फिकट छाया उरली होती. ती राहू दिली. तेवढ्यात पोट्ट्यांना शोध लागला, की या आरशात जवळून पाहिलं की तोंड परातीएवढं दिसतं. रांग लागली. शेजारची वहिनी पाहून गेली आणि दुपारी जेवली नाही म्हणतात.

मी हात धुवायला आत गेलो आणि बाहेर आलो तर आई आरसा उचलायच्या बेतात. "उन्हात ठेवतो, पटकन वायन." माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी वर्गातही कधी काढलेला नाही. हा आरसा अंतर्वक्र आहे, चार फुटांवर तो सगळं ऊन एका टिपक्यात गोळा करतो. आणि अंगणापासून चार फुटांवर छपरी. छपरीत कमरेएवढा कापूस. मोठेबाबांना हे लगेच कळलं. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी बाजू घेतली आणि आरशासमोर छत्री धरून बसले.

पुढचं चटकन सांगतो. आरसा चौकटीत, चौकट नळीत, आणि मग दोन्ही आरसे एका रेषेत आणायचे स्क्रू. ते जमेपर्यंत तारा शेपटीवाला दिसतो. जमलं की गोल.

गोल दिसायला लागला त्या आठवड्यात नोव्हेंबर संपत आला होता आणि शनी संध्याकाळी छान वर असायचा. गल्लीला मी बोलावलं नव्हतं, ती आपणहून आली. धुतलेल्या दुर्बिणीतून पहिलं काय दाखवायचं? शनीचं कडं. मोठेबाबांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बाजूला झाले.

"कडं कुठी हाय?"

कडं होतं, पण गोळ्यातून सुई आरपार जावी तशी एक बारीक रेघ. 2025 हे वर्षच तसं. शनीची कडी दर पंधराएक वर्षांनी आपल्याकडे कड करतात, आणि त्या नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी होता. 1612 मध्ये गॅलिलिओलाही ती अशीच दिसेनाशी झाली आणि तोही चक्रावला होता. हे मी हातवारे करून, ताट आडवं-उभं धरून सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. मग आई हळूच मोठीआईला म्हणाली, "मी सांगतच होतो, एवढं नको धू. पुसून गेलं न थे!"

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की सरांनी शनीचं कडं धुवून काढलं. यात कोणाला वाईट वाटलं नाही. उलट आमच्या आळीतला एक कुंभ राशीवाला, साडेसातीने पिचलेला, त्याची यंदा तूर गेली आणि सोयाबीनही, संध्याकाळी दाराशी येऊन उभा राहिला. घुटमळला. मग म्हणाला, "सर, एक इचारू? कडं गेलं म्हनतात. मंग आता थो गोयाबी जाईन का, अजून एकडाव धुतलं तं?"

मी त्याला कल, कक्षा, 2032 मध्ये कडी पुन्हा पूर्ण उघडतील वगैरे सांगायला लागलो. तो ऐकत होता, मान हलवत होता.

"पान्याची चिंता करू नका," तो म्हणाला. "थे मी आनून देतो."

सकाळी तो खरंच पाच लिटरचा डबा घेऊन आला. मी आधी लेबल वाचलं.